लाईट आली की तीन मिनिटं थांबा: डिले टायमर सर्किटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वळवाचा पहिला पाऊस पडला की माझ्या फोनवर एकाच जातीचे प्रश्न सुरू होतात. संध्याकाळी वारा सुटतो, लाईट दहा वेळा जाते-येते, आणि दुसऱ्या दिवशी कुणाचा फ्रिज बसलेला असतो, कुणाचा पंप. २०२० चं निसर्ग आणि २०२१ चं तौक्ते या दोन वादळांनंतर हे प्रश्न विशेष वाढले. यावरचा इलाज म्हणजे डिले टायमर: ठरलेला वेळ थांबून वीज जोडणारं किंवा तोडणारं छोटं सर्किट. त्याबद्दल देवगडचे बागायतदार, गुहागरकडचे होमस्टेवाले आणि डिप्लोमाची पोरं जे पुन्हापुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

आधीच सांगतो, टायमरचं गणित दहावीच्या मुलालाही जमतं. आपल्याकडे घात होतो तो दमट हवेने आणि रिलेच्या (छोट्या करंटने चालणाऱ्या स्विचच्या) पॉईंटने, म्हणून त्यांच्यावर जास्त लिहिलं आहे. २३० व्होल्टची जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

१. डिले टायमर दोन प्रकारचे असतात म्हणतात. मला कुठला लागेल?

सप्लाय आल्यावर थोडं थांबून लोड (टायमरवर चालणारं उपकरण) चालू करतो तो ऑन-डिले. फ्रिज, पंप, एसी यांना हा. बटण दाबल्याबरोबर लोड चालू करून ठरलेल्या वेळाने बंद करतो तो ऑफ-डिले. जिन्यातला किंवा खळ्यातला दिवा, न्हाणीघरातला पंखा यांना हा. दुकानात नुसतं "टायमर द्या" म्हणालात तर बहुधा चुकीचा हातात पडेल. आधी हे ठरवून जा.

२. फ्रिजला तीन मिनिटंच का? एक मिनिट चालणार नाही?

कॉम्प्रेसर थांबला तेव्हा त्याच्या एका बाजूला गॅसचा दाब जास्त असतो, दुसरीकडे कमी. कॅपिलरीच्या बारीक नळीतून हा दाब समान व्हायला साधारण तीन ते पाच मिनिटं लागतात. त्याआधी लाईट आली तर मोटर त्या दाबाविरुद्ध फिरू शकत नाही, नुसती गुणगुणते, जास्त करंट ओढते आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसरचा संरक्षक स्विच) उडतो. असं दिवसात सात-आठ वेळा झालं की एक दिवस वाइंडिंग जातं.

पंपाचं कारण वेगळं आहे. लाईट आली की वाडीतले सगळे पंप एकाच क्षणी उचल घेतात आणि ट्रान्सफॉर्मरवरचा व्होल्टेज खाली बसतो. शेजाऱ्याशी बोलून एकाने दोन मिनिटं, दुसऱ्याने चार मिनिटं ठेवली तर दोघांच्याही मोटरी सुखी.

३. ५५५ आयसीने वेळ कशी काढायची?

हान्स कॅमेन्झिंड यांनी १९७१ साली सिग्नेटिक्ससाठी आखलेला आणि १९७२ मध्ये बाजारात आलेला हा टायमरचा आयसी (चिप) अजून कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो, यातच त्याचं मोठेपण आलं. सूत्र एकच: वेळ (सेकंद) = १.१ × रेझिस्टर (ओहम) × कॅपॅसिटर (फॅरड). मेगओहम आणि मायक्रोफॅरड घेतले तर उत्तर थेट सेकंदात येतं. ३३० किलोओहम म्हणजे ०.३३ मेगओहम, त्याला ४७० मायक्रोफॅरडने आणि १.१ ने गुणा: १७१ सेकंद, म्हणजे तीन मिनिटांना नऊ सेकंद कमी.

१.१ कुठून आला? ५५५ च्या आत सप्लायचे तीन समान भाग केलेले असतात आणि कॅपॅसिटर दोन-तृतीयांशापर्यंत भरला की वेळ संपते. तिथपर्यंत भरायला लागणारा काळ ३ च्या नैसर्गिक लॉगॅरिदमइतका, म्हणजे १.०९८६ पट. त्यामुळे सप्लाय ९ व्होल्ट असो की १२, वेळ तीच राहते; फक्त मोजणी चालू असताना तो वरखाली होऊ नये.

ऑन-डिलेसाठी पिन २ आणि ६ एकत्र करा, तिथून कॅपॅसिटर प्लसला आणि रेझिस्टर ग्राउंडला. सप्लाय आला की पिन ३ शून्य राहते आणि वेळ भरल्यावर वर जाते. पिन ४ प्लसला बांधा, पिन ५ वर ०.०१ मायक्रोफॅरड ग्राउंडला, आणि पिन ८ आणि १ च्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड. हा शेवटचा कॅपॅसिटर "नसला तरी चालतो" म्हणून निम्मे लोक गाळतात. तो नसला की प्रश्न ११ मधला त्रास होतो.

४. १ मेगओहम आणि ४७० मायक्रोफॅरड लावले. साडेआठ मिनिटं यायला हवीत. अर्धा तास झाला, रिले उचलतच नाही!

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. सूत्र बरोबर आहे, कॅपॅसिटर गळतो आहे.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर म्हणजे तडा गेलेली घागर: वरून भरता भरता खालून झिरपते. १२ व्होल्टवर ५५५ ने निर्णय घ्यायचा त्या क्षणी १ मेगओहमवर फक्त ४ व्होल्ट उरलेले असतात, म्हणजे त्यातून जाणारा करंट ४ मायक्रोअँपिअर. कॅपॅसिटरची गळतीही तेवढीच असेल तर पाणी काठाला लागतच नाही. ४७० मायक्रोफॅरड, २५ व्होल्टच्या कॅपॅसिटरला कंपन्या शंभराहून जास्त मायक्रोअँपिअर गळतीची मुभा ठेवतात. नवा, चांगला तुकडा त्यापेक्षा खूप कमी गळतो, पण दुकानात चार वर्षं पडून राहिलेल्याची हमी कोण देणार? शिवाय किंमत २० टक्के इकडेतिकडे असतेच.

माझा नियम: इलेक्ट्रोलिटिकसोबत ३३० किलोओहमच्या वर जायचं नाही, आणि तीन-चार मिनिटांहून जास्त वेळ हवी असेल तर ५५५ सोडून प्रश्न ६ कडे जायचं.

५. टायमर उन्हाळ्यात बरोबर चालतो आणि जुलैत वेडा होतो. आयसी बदलू का?

आयसीला काही झालेलं नाही. बोर्ड पालथा करून बघा.

गेल्या जुलैत एक टायमर बाकावर आला होता. तीन मिनिटांचा, पण मालक म्हणाले, "भाऊ, कधी सात मिनिटं घेतो, कधी घेतच नाही." सोल्डरच्या टाक्यांभोवती मधासारखा पिवळा चिकट थर होता, बोट लावलं तर ओलसर. तो फ्लक्स, म्हणजे सोल्डर करताना वापरतात ती राळ. कोरडा असतो तेव्हा निरुपद्रवी, पण खारी दमट हवा प्यायला की त्यातून करंट वाहायला लागतो. रेझिस्टर शेकडो किलोओहमचा असेल तर या वाटेने जाणारे दोन-तीन मायक्रोअँपिअरही हिशेब बिघडवतात. मी घरातला केस वाळवायचा ड्रायर त्यावर दोन मिनिटं धरला, टायमर लगेच ठिकाणावर. ड्रायरने बरा झाला म्हणजे दुखणं ओलाव्याचं.

इलाज: जुना टूथब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन बोर्डची पाठ घासा, वाळू द्या, मग ॲक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डावर मारायच्या संरक्षक लेपाचे) दोन हात मारा. फ्लक्स न धुता कोटिंग मारलंत तर ओलावा आत कोंडला जाईल, ते न मारण्याहून वाईट. प्रिसेट (फिरवून बदलता येणारा छोटा रेझिस्टर), कनेक्टर आणि आयसीचा बेस यांना आधी चिकटपट्टी लावा. कोटिंग आत शिरलं की पॉईंट लागत नाहीत. खरं तर आयसीचा बेस आपल्या हवेत नकोच. त्याच्या पत्र्यावर वर्षभरात काळा थर धरतो. आयसी थेट सोल्डर करा.

पेटी हवाबंद घ्या, केबल खालून आत आणा आणि ग्लँड (केबलच्या भोकावरचा आवळायचा बूच) घट्ट आवळा. भोक वर पाडलंत तर पागोळ्यांचं पाणी केबलवरून सरळ बोर्डावर येतं. ग्लँडला फट राहिली की मुंग्या येतात, मुंग्यांमागे पाल येते. फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये आडवी झालेली पाल मी दोनदा काढली आहे.

६. मग तुम्ही स्वतः कुठलं सर्किट लावता?

सीडी४०६०. चौदा टप्प्यांचा मोजणारा आयसी, आत स्वतःचा ऑसिलेटर. इथे एकच लांब श्वास मोजायचा नसतो, हजारो छोटी टिकटिक मोजायची असते. त्यामुळे मोठा इलेक्ट्रोलिटिक लागतच नाही, ०.१ मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर पुरतो आणि तो गळत नाही.

जोडणी अशी. पिन १० पासून १०० किलोओहम, पिन ९ पासून ०.१ मायक्रोफॅरड, पिन ११ पासून १ मेगओहम. या तिघांची दुसरी टोकं एकत्र. पिन १६ प्लस १२ व्होल्ट, पिन ८ ग्राउंड, दोघांमध्ये ०.१ मायक्रोफॅरड. पिन १२ रीसेट: तिथून १०० किलोओहम ग्राउंडला आणि ०.१ मायक्रोफॅरड प्लसला, म्हणजे सप्लाय आला की मोजणी शून्यापासून सुरू. आउटपुट पिन ३. पिन ३ पासून पिन ११ कडे एक १एन४१४८ डायोड, पट्टीची बाजू पिन ११ ला. वेळ झाली की हा डायोड ऑसिलेटरला गप्प करतो. तो विसरलात तर रिले तीन मिनिटं चालू, तीन मिनिटं बंद असा खेळ करत बसेल.

हिशेब: एका टिकटिकीला २.३ × रेझिस्टर × कॅपॅसिटर इतका वेळ, इथे ०.०२३ सेकंद. पिन ३ वर जायला ८१९२ टिकटिकी लागतात. गुणाकार १८८ सेकंद, फ्रिजला अगदी मापाचं. १०० किलोओहमच्या जागी १ मेगओहम केला (आणि पिन ११ चा २.२ मेगओहम) तर सुमारे एकतीस मिनिटं. मेगओहम आले की प्रश्न ५ मधली धुलाई इथेही सक्तीची.

चाचणीसाठी दर वेळी तीन मिनिटं घड्याळ बघत बसू नका. ०.१ ऐवजी तात्पुरता ०.०१ लावा, एकोणीस सेकंदांत निकाल. पिन ७ वर १० किलोओहममधून एलईडी लावलात तर तो मोजणीभर सेकंदाला दोन-तीनदा लुकलुकतो. प्रकाश मंद असतो, पण मालकाला समजतं की पेटी मेलेली नाही, थांबली आहे. माझे निम्मे फोन या एका एलईडीने कमी झाले.

७. आयसीच्या पिनवर थेट रिले लावला तर?

४०६० वर नाही. १२ व्होल्टचा नेहमीचा छोटा रिले ४०० ओहमचा असतो, ३० मिलिअँपिअर घेतो. ४०६० ची पिन तेवढं देऊ शकत नाही. मध्ये बीसी५४७ घाला: पिन ३ पासून १० किलोओहम बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर रिलेच्या कॉइलला, कॉइलचं दुसरं टोक प्लसला. कॉइलवर १एन४००७ उलटा, पट्टीची बाजू प्लसकडे. कॉइल सोडताना उलटा झटका मारते आणि डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर जातो, आज नाही तर उद्या. ५५५ दोनशे मिलिअँपिअर देऊ शकतो, तरी मी तिथेही ट्रान्झिस्टरच घालतो (बेसला २.२ किलोओहम).

८. रिलेवर १० अँपिअर लिहिलंय. एक एचपीचा पंप सहा-सात अँपिअर घेतो. मग थेट लावू ना?

नको. ते दहा अँपिअर हीटरसारख्या सरळ लोडसाठी. मोटर सुरू होताना चालू करंटच्या पाच-सहापट ओढते, म्हणजे त्या छोट्या पॉईंटवरून क्षणभर तीस-चाळीस अँपिअर.

एका बागेतल्या पंपघरातून आलेल्या रिलेचं निळं झाकण मी कटरने कापून पाहिलं. चांदीचे दोन बारीक मणी वितळून एकजीव झाले होते, नखाने सुटेनात. टायमर इमानदारीने "बंद" म्हणत होता आणि पंप चालूच. बावीचं पाणी संपलं, पंप कोरडा फिरला, सील गेलं. दोष टायमरला लागला.

रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) कॉइल चालवायची, पंप कॉन्टॅक्टरने. एक एचपीला एसी-३ (मोटरसाठीच्या) वर्गाचा ९ अँपिअरचा पुरतो, मी १२ चा घेतो. कॉन्टॅक्टरच्या कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (ठिणगी दाबणारी जोडी) लावा. कॅपॅसिटर एक्स-२ छापाचाच (थेट लाईनवर लावायचा) हवा, साधा नको. घरच्या फ्रिजला कॉन्टॅक्टर जरुरीचा नाही, पण रिले ३० अँपिअरचा घ्या.

९. लाईट एक सेकंदच जाऊन आली तर टायमर पुन्हा तीन मिनिटं मोजत नाही. फ्रिज लगेच सुरू होतो.

हा खरा आडवळणी प्रश्न, आणि कोकणात तो रोजचा. माडाची झावळी तारेला घासते, लाईट डोळा मारते. अडॅप्टरमधला कॅपॅसिटर तेवढा वेळ सप्लाय धरून ठेवतो, त्यामुळे टायमरला लाईट गेल्याचं कळतच नाही. कॉम्प्रेसर मात्र थांबलेला असतो आणि दाबासकट पुन्हा चालू होतो. म्हणजे ज्यासाठी टायमर लावला तेच हुकलं.

किरकोळ इलाज: १२ व्होल्टच्या सप्लायवर १ किलोओहम अर्ध्या वॅटचा रेझिस्टर आडवा लावा, म्हणजे साठा लवकर रिकामा होईल. ५५५ असेल तर टायमिंगच्या रेझिस्टरवर उलटा १एन४१४८, कॅपॅसिटर झटकन रिकामा व्हायला. यानेही साठा रिकामा व्हायला दोन-तीन सेकंद जातात.

पक्का इलाज: २३० व्होल्ट कॉइलचा एक छोटा प्लग-इन रिले थेट लाईनवर. त्याचा एनसी पॉईंट (कॉइलला वीज नसताना मिटलेला असतो तो) ४०६० च्या पिन १२ आणि प्लस यांच्यामध्ये. लाईट गेली की एनसी मिटतो, रीसेट होतो, मोजणी शून्यावर आणि लोडचा रिले सुटतो. लाईट आली की एनसी उघडतो आणि तीन मिनिटं नव्याने सुरू. हा पॉईंट अगदी नगण्य करंटवर चालतो, त्याला स्वतःला साफ ठेवणारी ठिणगी पडत नाही. म्हणून रिले बंद कवचाचा घ्या.

१०. सप्लायसाठी ट्रान्सफॉर्मर की अडॅप्टर? ४०० व्होल्टच्या कॅपॅसिटरवाला स्वस्त सप्लाय चालेल का?

कॅपॅसिटरवाला सप्लाय लाईनपासून वेगळा नसतो. तुमच्या बारा व्होल्टच्या बोर्डावरची प्रत्येक तार फेज समजा. ओल्या पायांनी पडवीत उभं राहून प्रिसेट फिरवणारा माणूस मला डोळ्यांसमोर दिसतो. नको.

१०० ते २४० व्होल्ट छापलेला १२ व्होल्ट १ अँपिअरचा अडॅप्टर घ्या. संध्याकाळी लाईन १७० वर आली तरी तो बारा देतो. साधा ट्रान्सफॉर्मर तिथे आठ-नऊवर येतो आणि रिले कुरकुरतो. पण कॉन्टॅक्टर विसरू नका: त्याच्या कॉइलची हमी ८५ टक्क्यांपर्यंतच, म्हणजे सुमारे १९५ व्होल्ट. त्याखाली तो खडखडतो आणि पॉईंट जाळतो. लाईन रोजच बसत असेल तर आधी लो-व्होल्टेज कट लावा, मग टायमर.

११. होमस्टेच्या पायवाटेवर ५५५ चा दोन मिनिटांचा दिवा आहे. वीज चमकली की आपोआप लागतो. भुताटकी?

बटणाची तार किती लांब आहे ते मोजा. वीस मीटरची उघडी तार म्हणजे अँटेना. पिन २ सप्लायच्या एक-तृतीयांशाखाली क्षणभर गेली तरी ५५५ सुटतो. पिन २ वर प्लसकडून १० किलोओहमच्या जागी २.२ करा, पिनच्या अगदी जवळ ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा, बटणाची तार पीळ दिलेली वापरा आणि पंपाच्या केबलबरोबर एकाच पाइपातून नेऊ नका. बटण दाबून धरलं तर दिवा विझत नाही, तो दोष नाही. ५५५ तसाच वागतो. ओलाव्याने बटणच आत मिटलं असेल तर रात्रभर जळेल.

१२. टायमर बंद झाला तरी एलईडी बल्ब मिणमिणतो.

रिलेच्या पॉईंटवर कुणीतरी स्नबर लावला आहे. ०.१ मायक्रोफॅरडमधून २३० व्होल्टला सात मिलिअँपिअर झिरपतात, एलईडीला तेवढे पुरतात. एलईडीसाठी पॉईंटवरचा स्नबर काढून टाका. तो नसताना मिणमिणत असेल तर फेजऐवजी न्यूट्रल तोडला जातो आहे का, ते वायरमनला बघायला सांगा.

१३. मीटर लावला की टायमर थांबतो, काढला की चालतो.

काटेवाला मीटर असणार. १० व्होल्टच्या रेंजवर तो २०० किलोओहमचा असतो आणि टायमिंग कॅपॅसिटरचा करंट तोच पितो. डिजिटल मीटर १० मेगओहमचा, त्याने फरक कमी पडतो. तरीही कॅपॅसिटरवर मोजू नका, पिन ३ वर मोजा.

१४. विजेपासून टायमर वाचवता येईल?

घरावरच वीज पडली तर नाही. लांबून तारेवर आलेल्या लाटेसाठी आधी फ्यूज, मग फेज-न्यूट्रलमध्ये १४डी४७१ व्हॅरिस्टर (जादा व्होल्टेज गिळणारा भाग). मोठा झटका खाऊन तो फुटला तर फ्यूज उडतो, दोन्ही बदला. मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी गडगडाट सुरू झाला की मेन खाली पाडणं याहून स्वस्त पडतं.

१५. होडीवरच्या १२ व्होल्टला हेच सर्किट चालेल?

चालेल, तीन बदल करून. चार्जिंगला बॅटरी १४ च्या वर जाते आणि डायनॅमो झटके मारतो, म्हणून आयसीच्या सप्लायला १०० ओहम आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज तिथेच अडवणारा डायोड). उलट्या जोडणीसाठी प्लसमध्ये एक १एन४००७. आणि रिलेवरचा डीसीचा आकडा वाचा, एसीचा नव्हे: डीसीची ठिणगी शून्यातून जात नाही, म्हणून लवकर विझत नाही. तळातलं पाणी काढायच्या पंपाला गाडीत वापरतात तो ४० अँपिअरचा रिले बरा. त्याची कॉइल १५० मिलिअँपिअरच्या आसपास घेते, ती बीसी५४७ ला झेपत नाही. तिथे १० किलोओहममधून आयआरएफझेड४४ मॉस्फेट (जास्त करंट पेलणारा ट्रान्झिस्टर) लावा.

१६. थ्री-फेज पंपाच्या ऑटो स्विचला हा टायमर जोडला तर लाईट आली की पंप आपोआप सुरू होईल ना?

होईल, आणि तीच भीती आहे. थ्री-फेजला एक फेज नसताना पंप उचलला तर मोटर जळते, म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचा पॉईंट कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत आधी हवा, टायमरचा नंतर. एप्रिल-मेमध्ये बाव तळाला जाते, तेव्हा ड्राय-रन कटही (पाणी संपलं की पंप बंद करणारा) त्याच वाटेत हवा.

त्याहून मोठं: लाईट नाही म्हणून गडी फूटव्हॉल्व्ह साफ करायला बावीत उतरतो. तीन मिनिटांनी पंप स्वतःच उचलणार हे त्याला ठाऊक नसतं. बावीच्या काठावर, उतरणाऱ्याच्या हाताशी, कुलूप लावता येईल असा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) बसवा, आणि किल्ली उतरणाऱ्याच्या खिशात जाऊ द्या. तो बसवायची तयारी नसेल तर ऑटो लावू नका, बटणच ठेवा.